पुडीवर आलेला आळ: नैराश्य, आयबीएस आणि प्रोबायोटिकचं एक प्रकरण

(नेहमी समोर येणाऱ्या प्रसंगांवरून रचलेलं हे प्रकरण आहे. ते कुणा एका व्यक्तीचं नाही.)

रुग्ण ३६ वर्षांच्या, हिशेब विभागात पूर्णवेळ नोकरी. मध्यम तीव्रतेचं नैराश्य, जोडीला चिंता. सहा वर्षांपासून आयबीएस (पोटदुखी आणि बिघडलेलं शौच असा आतड्याचा जुनाट त्रास), तोही जुलाबाकडे झुकणारा. भेटीला आल्या तेव्हाची तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी: "प्रोबायोटिक मला बाधलं. डोक्यात करंट बसल्यासारखं होतंय, चालताना तोल जातो, रात्री झोप नाही."

प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी मानलेल्या जिवंत जिवाणूंची, पुडी सुरू करून तीन आठवडे झाले होते. नैराश्यावरचं औषध सर्ट्रालिन ५० मि.ग्रॅ. त्याआधीच्या १४ आठवड्यांपासून चालू होतं, असं कागदावर लिहिलेलं होतं. गोळी नियमित घेता का, असं विचारल्यावर त्या "हो" म्हणाल्या. शेवटची गोळी नेमकी कोणत्या दिवशी घेतली, असं विचारल्यावर खरं उत्तर आलं: बारा दिवसांपूर्वी. "नियमित घेता का?" या प्रश्नाला बहुतेकजण "हो"च म्हणतात. तारीख विचारली की आठवावं लागतं.

दिवसवार मांडणी केली तेव्हा हे दिसलं. पहिल्या दिवशी पुडी सुरू. तिसऱ्या दिवसापासून पोट फुगणं, गुरगुर, वायू. सहाव्या दिवशी त्यांनी गोळी अर्धी केली. कारण त्यांनी वाचलं होतं की शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलं जाणारं आणि सर्ट्रालिन ज्यावर काम करतं ते रसायन) आतड्यात तयार होतं. मग जिवाणूच सेरोटोनिन वाढवणार असतील तर गोळी कशाला, हा त्यांचा हिशेब. नवव्या दिवशी गोळी पूर्ण बंद. अकराव्या दिवशी चक्कर आणि डोक्यात झटके. पंधराव्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड, पहाटे तीनला जाग. "शरीरातली घाण बाहेर पडतेय, आधी बिघडून मग सुधारतं" असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी पुडी एकाची दोन केली.

इथे दोन वेगळे त्रास एकमेकांत मिसळले होते आणि दोन्हींचा आळ एकाच पुडीवर आला होता.

डोक्यातले झटके, चक्कर, मळमळ, विचित्र स्वप्नं ही एसएसआरआय गटातलं (सर्ट्रालिन याच गटातलं) औषध अचानक थांबवल्यावर दिसणारी नेहमीची लक्षणं. सर्ट्रालिनचं अर्धायुष्य (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण २६ तासांचं असल्यामुळे ती दोन ते चार दिवसांत सुरू होतात. इथे बरोबर दुसऱ्या दिवशी झाली. आजार उलटला असता तर इतक्या लवकर सहसा दिसला नसता आणि विजेसारखे झटकेही बसले नसते. प्रोबायोटिकमुळे असे झटके बसण्याचं काही कारण नाही.

पोट फुगण्याचं कारण मात्र पुडीतच होतं, पण जिवाणूंमध्ये नव्हतं. पुडीच्या मागचा मजकूर वाचल्यावर ते कळलं.

पुढे: "५० अब्ज सीएफयू" (सीएफयू म्हणजे जिवंत जिवाणूंची मोजणी). मागे, बारीक अक्षरांत: "उत्पादनाच्या वेळी". म्हणजे घेण्याच्या दिवशी किती जिवंत असतील याची हमी नाही. उपयोगाचा आकडा वापराच्या अंतिम तारखेपर्यंतचा असतो. त्याखाली बारा जिवाणूंची नावं होती: लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस, बिफिडोबॅक्टेरियम लाँगम, आणखी दहा. एकाच्याही पुढे स्ट्रेनचा, म्हणजे प्रजातीतल्या नेमक्या वाणाचा, क्रमांक नव्हता. प्रजातीचं नाव म्हणजे नुसतं आडनाव. बिफिडोबॅक्टेरियम लाँगमचे आर०१७५, एनसीसी३००१ आणि १७१४ हे तीन वेगळे स्ट्रेन आहेत, प्रत्येकावर वेगळे अभ्यास झालेत, आणि एकाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या नावावर लावता येत नाही. क्रमांक नसेल तर त्या पुडीला कोणताच अभ्यास लागू होत नाही, डबीवर काहीही छापलेलं असो. बाराही जिवाणूंचा मिळून एकच आकडा दिला होता, त्यामुळे त्यातला कोणता किती हेही कळायला मार्ग नव्हता.

आणि मग घटकांच्या यादीत पहिलंच नाव: इन्युलिन, प्रत्येक पुडीत ३ ग्रॅम. इन्युलिन हे फ्रुक्टन, म्हणजे एक प्रकारचं तंतूसारखं कर्बोदक. लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जिवाणू ते आंबवतात आणि वायू होतो. निरोगी माणसाला इतकं बहुधा जाणवणार नाही. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसाच संवेदनशील झालेल्या असतात, तेवढ्याच वायूने जास्त दुखतं. दोन पुड्या म्हणजे रोज ६ ग्रॅम.

पुडी कशात घेता, या प्रश्नाचं उत्तर होतं: सकाळच्या गरम पाण्यात. वाफ येणाऱ्या पाण्यात, म्हणजे ६० अंश सेल्सियसच्या वर, लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम यांतले बहुतेक जिवाणू मिनिटांत मरतात. इन्युलिनला त्या पाण्याने काहीच होत नाही. थोडक्यात, या तीन आठवड्यांत त्यांच्या पोटात जिवंत जिवाणू फारसे गेलेच नसावेत, वायू करणारा घटक मात्र पूर्ण गेला. प्रोबायोटिक त्यांना बाधलं नव्हतं, कारण ते त्यांनी खऱ्या अर्थाने अजून घेतलंच नव्हतं.

पहिल्या भेटीत काय केलं

पहिल्या भेटीतले गुण: नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीवर १८ (२७ पैकी), चिंता मोजणाऱ्या जीएडी-७ वर १७ (२१ पैकी). सर्ट्रालिन सुरू होण्याआधी ते १७ आणि १४ होते, १४ आठवड्यांत १२ आणि ११ पर्यंत उतरले होते. म्हणजे औषधाने जे मिळवून दिलं होतं ते गेलं, वर थोडं जास्तच गेलं. आयबीएसच्या तीव्रतेचा गुण ५०० पैकी ३१०. तीनशेच्या वर तो तीव्र धरतात.

पीएचक्यूच्या नवव्या प्रश्नावर (मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा) १ होता. एकूण गुण कितीही असो, तिथे शून्य नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून सरळ विचारायचं: जगू नये असं वाटतं का, जीव देण्याचा विचार येतो का, कसा, ठरवलं आहे का, घरात काही साठवलं आहे का. "मेलेलं बरं" असं दोनदा मनात आलं होतं. बेत नव्हता, तयारी नव्हती. त्यांच्या संमतीने घरच्या एका माणसाला बसवून बोलणं झालं, उरलेल्या गोळ्या त्या माणसाकडे राहतील असं ठरलं, संकटात कुणाला फोन करायचा हे लिहून दिलं आणि तिसऱ्या दिवशी फोन, सातव्या दिवशी भेट ठरली. यापुढे वाचताना हा परिच्छेद लक्षात ठेवावा. जिथे हा प्रश्न उभा असतो तिथे प्रोबायोटिकचा विषय नंतरचा असतो.

पुडी बंद केली. सर्ट्रालिन पुन्हा सुरू केलं: चार दिवस २५ मि.ग्रॅ., मग ५० मि.ग्रॅ., सकाळी खाण्याबरोबर. तिसऱ्या दिवशीच्या फोनवर झटके कमी झाल्याचं कळलं आणि सातव्या दिवशी ते थांबले होते. औषध सुरू केल्याबरोबर दिवसांत जे थांबतं ते बंद केल्याचं लक्षण. नैराश्य उलटलं असेल तर ते उतरायला आठवडे लागतात. नैराश्य खरोखरच उतरायला पुढचे तीन आठवडे लागले.

तपासण्या मोजक्याच: हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन ११ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. म्हणजे लोहाचा साठा जवळजवळ संपलेला. पाळीत रक्तस्राव जास्त होता, ते कुणी विचारलं नव्हतं. थायरॉइड, बी-१२, सीलिअॅक आजाराची रक्ततपासणी आणि शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याच्या सुजेची खूण) ठीक. वजन घटणं, शौचातून रक्त, रात्री जुलाबासाठी उठावं लागणं, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी काही नव्हतं. असतं तर आयबीएसच्या निदानाकडेच परत जावं लागलं असतं. लोहाची गोळी, ६० मि.ग्रॅ. मूळ लोह, दिवसाआड सुरू केली. रोज घेतल्याने शोषण घटतं आणि पोटाचा त्रास वाढतो.

त्यांना शौचाची जिवाणू-तपासणीही करून हवी होती. केली नाही. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या १,०५४ लोकांच्या अभ्यासात नैराश्य असलेल्यांत कॉप्रोकॉकस आणि डायलिस्टर हे जिवाणू कमी आढळले होते. पण गटात दिसणारा फरक एका माणसाच्या अहवालावरून वाचता येत नाही. "तुमच्यात कॉप्रोकॉकस कमी" एवढं कळून पुढे काय द्यायचं, याला उत्तर नाही. बाजारातल्या प्रोबायोटिकमध्ये तो जिवाणू नसतोच.

सेरोटोनिनचा गैरसमज

गोळी बंद होण्याचं मूळ एका अर्धसत्यात होतं, म्हणून त्यावर भेटीतली दहा मिनिटं गेली. आतडं हे खरंच शरीरातल्या बहुतांश सेरोटोनिनचं घर. आतड्याच्या अस्तरातल्या एंटेरोक्रोमाफिन पेशी ते बनवतात आणि काही जिवाणू त्या कामाला चालना देतात हेही उंदरांत दाखवलेलं आहे. पण ते सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. मधला पडदा ते अडवतो. आतड्यात त्याचं काम मुख्यतः हालचालीचं आणि स्रावाचं. म्हणूनच तर सर्ट्रालिनने त्यांचं पोट बिघडलं होतं: त्या गटातल्या औषधांत जुलाबाची तक्रार सर्ट्रालिनवर जास्त दिसते.

आतडं आणि मेंदू यांच्यात बोलणं चालतं ते वेगळ्या वाटांनी: व्हेगस नस (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी), रोगप्रतिकार यंत्रणेचे सायटोकाइन हे संदेशवाहक रेणू, ट्रिप्टोफॅनचं (ज्यापासून सेरोटोनिन बनतं त्या अमिनो आम्लाचं) किन्युरेनिन या दुसऱ्या रसायनाकडे वळणं, जिवाणूंनी तंतू आंबवून तयार केलेली लघु-साखळी मेदाम्लं, आणि कॉर्टिसोल या ताणाच्या संप्रेरकाची यंत्रणा. जपानमध्ये २००४ साली जिवाणूमुक्त वाढवलेल्या उंदरांत ताणाची प्रतिक्रिया अवाजवी निघाली आणि लहान वयात एक बिफिडोबॅक्टेरियम दिल्यावर ती ताळ्यावर आली. २०११ मध्ये आयर्लंडच्या गटाने लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जेबी-१ देऊन उंदरांची भीती कमी केली. व्हेगस नस कापल्यावर तो परिणाम नाहीसा झाला. सुंदर प्रयोग. मग तोच जेबी-१ निरोगी पुरुषांना दिला. २९ जण, २०१७. काहीही फरक पडला नाही. उंदरांवरच्या बातम्या वाचून डबी उघडण्याआधी हे दोन निकाल शेजारी-शेजारी ठेवून पाहावेत.

काय द्यायचं आणि का

पहिल्या भेटीपासून चौथ्या आठवड्यात गुण असे: पीएचक्यू-९ १३, जीएडी-७ ११, आयबीएस २७०. नववा प्रश्न शून्यावर. ५० मि.ग्रॅ. सर्ट्रालिनवर आधी १४ आठवडे काढूनही अर्धाच फायदा मिळाला होता. अशा वेळी पुढची सरळ पायरी म्हणजे डोस वाढवणं, किंवा सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर काम करणारी मानसोपचार पद्धत) जोडणं, किंवा दोन्ही. सीबीटीची पाळी विसाव्या आठवड्याच्या आधी येणार नव्हती. डोस वाढवायला त्या तयार नव्हत्या, आणि त्यांचं कारण खोटं नव्हतं: सकाळी सात ते दहा या वेळात चारदा शौच, शौचाचा घट्टपणा सांगणाऱ्या ब्रिस्टल मापावर ६ (७ म्हणजे पाण्यासारखं), आणि ऑफिसला जाताना वाटेत स्वच्छतागृह कुठे याचीच चिंता. औषध वाढवलं की हे वाढेल.

इथे मतभेदाला जागा आहे. एस्सिटालोप्राम या त्याच गटातल्या औषधावर नेऊन पाहावं, असं कुणी म्हणेल आणि ते चूक नाही. पण नुकत्याच तोललेल्या रुग्णाचं औषध परत बदलण्यापेक्षा आठ आठवडे पोटावर काम करावं आणि त्यासाठी नीट निवडलेलं प्रोबायोटिक वापरून पाहावं, असं ठरलं. त्यांना ते हवंही होतं. जे रुग्ण चोरून घेणार आहे ते उघडपणे, मोजून दिलेलं बरं.

पुराव्याचं चित्र असं आहे. मनावर उपयोगी ठरणाऱ्या जिवाणूंसाठी 'सायकोबायोटिक' हा शब्द दिनान, स्टँटन आणि क्रायन यांनी २०१३ मध्ये आणला. २०१९ मध्ये ३४ चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला तेव्हा नैराश्यावरचा परिणाम लहान (प्रमाणित मापावर ०.२४; तिथे ०.२ लहान आणि ०.८ मोठा धरतात) आणि चिंतेवरचा त्याहून लहान (०.१०) निघाला. प्रीबायोटिकचा, म्हणजे इन्युलिनसारख्या जिवाणूंच्या खाद्याचा, काहीच नाही. मात्र ज्यांना निदान झालेला आजार आहे त्यांच्यात नैराश्यावरचा आकडा मोठा (०.७३) होता. हा आकडा थोड्या आणि लहान चाचण्यांवर उभा आहे, एवढं ध्यानात ठेवून तो वापरावा.

लॅक्टोबॅसिलस हेल्व्हेटिकस आर००५२ आणि बिफिडोबॅक्टेरियम लाँगम आर०१७५ या जोडीचा इतिहास यात सगळ्यात बोलका. २०११ मध्ये ५५ निरोगी लोकांना ३० दिवस रोज ३ अब्ज दिले, ताणाचे गुण उतरले. २०१७ मध्ये न्यूझीलंडमध्ये मन उदास असलेल्या पण मानसिक आजाराचं औषध न घेणाऱ्या ७९ जणांना आठ आठवडे तीच जोडी दिली, प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली डोसपेक्षा) काही वेगळं नाही. २०१९ मध्ये इराणमध्ये नैराश्याची औषधं आधीपासून घेणाऱ्या रुग्णांत (तीन गट मिळून ११०) आठ आठवड्यांत नैराश्याच्या बेक मापाचा सरासरी गुण १७.३९ वरून ९.१ झाला, प्लासिबोत १८.१८ वरून १५.५५. म्हणजे तेच जिवाणू, एकटे लंगडे पडले आणि औषधाच्या जोडीने चालले. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या २०२३ मधल्या चाचणीतही हेच: औषधाने अर्धवटच बरं वाटलेले ४९ जण, १४ स्ट्रेनचं मिश्रण, रोज ८ अब्ज, आठ आठवडे, आणि नैराश्य-चिंता दोन्हींत प्लासिबोपेक्षा जास्त उतार.

आमच्या प्रकरणाला सगळ्यात जवळची चाचणी कॅनडातली, २०१७ ची. आयबीएस आणि सौम्य-मध्यम नैराश्य किंवा चिंता असलेले ४४ जण, बिफिडोबॅक्टेरियम लाँगम एनसीसी३००१, रोज १० अब्ज, सहा आठवडे. नैराश्याचा गुण दोन किंवा अधिकने उतरलेले प्रोबायोटिक गटात २२ पैकी १४, प्लासिबोत २२ पैकी ७. चिंतेवर फरक नाही. आकडा छान, पण प्लासिबोवरही तिघांत एकाला बरं वाटलं हे विसरू नये. या बाईंनाही कोणत्याही पुडीने बरं वाटण्याची तेवढी शक्यता होतीच.

निवड झाली आर००५२ आणि आर०१७५ या जोडीची. औषधासोबत दिल्याचा पुरावा आहे, दोन्ही क्रमांक डबीवर छापलेले होते, ३ अब्जचा आकडा अंतिम तारखेपर्यंतचा होता आणि कॅप्सूलमध्ये इन्युलिन, सॉर्बिटॉल, मॅनिटॉल नव्हतं. चघळायच्या गोळ्यांत शेवटची दोन बऱ्याचदा असतात आणि आयबीएसमध्ये त्रास देतात. नावं वाचताना एक अडचण येते: २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या वंशाची (जीनस) २५ वंशांत विभागणी झाली, त्यामुळे ऱ्हॅम्नोसस आता काही डब्यांवर लॅक्टिकॅसिबॅसिलस म्हणून दिसतो. हेल्व्हेटिकसचं नाव तेच राहिलं. नाव बदललं तरी स्ट्रेनचा क्रमांक बदलत नाही, म्हणून शोध क्रमांकावरून घ्यावा.

"मग दही का नको?" हा प्रश्न आलाच. दही खावं, पचत असेल तर. पण त्यात कोणता स्ट्रेन आणि किती, हे सहसा माहीत नसतं, त्यामुळे ते खाऊन वरच्या चाचण्यांच्या निकालाची अपेक्षा धरता येत नाही.

देण्याआधी कुणाला देऊ नये ते तपासलं: प्रतिकारशक्ती फार खालावलेली, मध्यवर्ती शिरेत नळी, हृदयाची कृत्रिम झडप, गंभीर स्वादुपिंडदाह, लहान आतड्याचा मोठा भाग काढलेला. हे उगाच नाही. नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या रुग्णांना प्रोबायोटिक दिलेल्या चाचणीत (२००८) मृत्यू १५२ पैकी २४ झाले, प्लासिबोत १४४ पैकी ९. अशा रुग्णांत "नैसर्गिक आहे, अपाय तर नाही" हे वाक्य चालत नाही. या बाईंना यातलं काही नव्हतं. सर्ट्रालिनशी या जिवाणूंचा झगडा नाही.

सूचना कागदावर दिल्या, कारण मागच्या वेळी गडबड घेण्याच्या पद्धतीतच झाली होती. रोज एक कॅप्सूल, सकाळच्या खाण्यासोबत किंवा अर्धा तास आधी. जेवणानंतर अर्ध्या तासाने घेतल्यास आम्लातून कमी जिवाणू वाचतात. साध्या पाण्यासोबत, गरम पेयात नाही. डबी कोरड्या जागी, बाथरूममध्ये नाही. झाकण लगेच लावायचं, आतली ओल शोषणारी पुडी टाकून द्यायची नाही. प्रतिजैविक लागलंच तर दोन तासांचं अंतर. पहिल्या आठवड्यात थोडा वायू झाला तर थांबायचं नाही, ताप किंवा सतत उलटी झाली तर लगेच थांबून कळवायचं. आणि सगळ्यात वर, जाड अक्षरांत: सर्ट्रालिनला हात लावायचा नाही. या आठ आठवड्यांत आहारात, झोपेच्या गोळीत, व्यायामात नवीन काही सुरू करायचं नाही.

काय झालं

बाराव्या आठवड्यात, म्हणजे आठ आठवड्यांच्या कॅप्सूलनंतर: पीएचक्यू-९ ९, जीएडी-७ ९, आयबीएस १८५. सकाळचं शौच चारवरून दोनवर. बाई खूश. "जिवाणूंनी मन हलकं केलं" हे त्यांचं मत.

पीएचक्यूचा कागद प्रश्नवार पाहिला. तेरावरून नऊ, चार गुण. थकव्याचा प्रश्न ३ वरून १. झोप २ वरून १. भूक १ वरून ०. मन उदास असण्याचा आणि कशात रस न वाटण्याचा प्रश्न, दोन्ही होते तिथेच, २ आणि २. म्हणजे उतरलेले चारही गुण शरीराच्या प्रश्नांतले. आणि बारा आठवडे लोह चालू होतं. फेरिटिन आता ३४. थकवा लोहाने गेला की जिवाणूंनी, हे त्या कागदावरून सांगता येणार नव्हतं, पण संशय लोहावर जास्त. शिवाय पीएचक्यूवर पाचाहून कमी फरक हा सहसा खरा बदल मानत नाहीत.

पोटाचाही प्रश्न होता. लोहाने मलावरोध होतो. जुलाबाच्या रुग्णात तोच "फायदा" म्हणून दिसू शकतो.

म्हणून बाराव्या आठवड्यात फक्त कॅप्सूल थांबवली, लोह आणि सर्ट्रालिन तसंच ठेवलं. हे जिवाणू आतड्यात कायमचे वस्ती करत नाहीत. घेणं थांबलं की साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत निघून जातात, त्यामुळे चार आठवडे पुरेसे. बाईंना हे मनापासून पटलं नव्हतं. "चाललंय ते चालू दे ना" असं त्या म्हणाल्या. महिन्याभराने परत सुरू करू, हे तारखेसकट लिहून दिल्यावर तयार झाल्या.

सोळावा आठवडा, कॅप्सूलशिवाय: पीएचक्यू-९ ९, जीएडी-७ ८, आयबीएस २५५.
विसावा आठवडा, कॅप्सूल परत चार आठवडे: पीएचक्यू-९ ८, जीएडी-७ ८, आयबीएस १९०.

आयबीएसच्या मापावर ५० गुणांचा फरक हा अर्थपूर्ण धरतात. इथे थांबवल्यावर ७० वर गेला आणि सुरू केल्यावर ६५ खाली आला, लोह दोन्ही वेळा तेच. पोटावर कॅप्सूलचं काम होतंय असं मानायला हे बऱ्यापैकी कारण आहे. पक्कं नाही: कधी घेतोय आणि कधी नाही हे त्यांना माहीत होतं, आणि आयबीएस स्वतःहूनही वर-खाली होतो. हुबेहूब दिसणाऱ्या रिकाम्या कॅप्सूल बनवून, कुणालाच न कळता आलटून-पालटून देता आल्या असत्या तर उत्तर जास्त भक्कम मिळालं असतं. नेहमीच्या दवाखान्यात ते जमत नाही.

मनावर मात्र सुरू-बंद-सुरू या तिन्ही टप्प्यांत काही हललं नाही. कॅप्सूलने त्यांचं नैराश्य कमी केल्याचा पुरावा या कागदांत नाही.

तरीही कॅप्सूल वाया गेली नाही, आणि या प्रकरणातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट हीच. सकाळची धावपळ कमी झाल्यावर त्या विसाव्या आठवड्यात डोस वाढवायला स्वतःहून तयार झाल्या. सर्ट्रालिन ७५ मि.ग्रॅ., दोन आठवड्यांनी १०० मि.ग्रॅ. त्याच सुमारास सीबीटीची बैठकही सुरू झाली. अठ्ठाविसाव्या आठवड्यात पीएचक्यू-९ ५, जीएडी-७ ५. या वेळी उदासीचा आणि रस न वाटण्याचा प्रश्न २ वरून १ वर आले, स्वतःला दोष देण्याचाही एकने उतरला. आयबीएस १९५, म्हणजे डोस दुप्पट होऊनही पोट सुटलं नाही. मन हललं ते औषध आणि सीबीटी या जोडीने, त्यातलं कोणी किती हे या कागदांवरून वेगळं काढता येत नाही. पण त्या औषधाला जागा पोटाने करून दिली होती.

बाईंना हे असंच सांगितलं. त्या थोड्या हिरमुसल्या, मग म्हणाल्या की गोळी सोडली नसती तर चार महिने वाचले असते. तेवढे नव्हे, पण दोनेक नक्की.

आमच्या बाजूच्याही दोन चुका नोंदवायला हव्यात. सर्ट्रालिन सुरू केल्यानंतर जुलाब वाढल्याचं त्यांनी सहाव्या आठवड्यातच सांगितलं होतं. "होईल कमी" एवढंच उत्तर मिळालं. बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत होतंही, यांचं झालं नाही, आणि पुन्हा कुणी विचारलं नाही. ती मोकळी जागा पुडीने भरली. दुसरी चूक फेरिटिनची: थकवा नैराश्याचा म्हणून सोडून दिला गेला, पाळीबद्दल प्रश्न पहिल्या चौदा आठवड्यांत विचारलाच गेला नाही.

सध्याची स्थिती: सर्ट्रालिन १०० मि.ग्रॅ. गुण पाचाखाली येऊन टिकल्यावर त्यापुढे निदान सहा महिने तेच, नंतर थांबवायचं झाल्यास हळूहळू उतरवत. लोह फेरिटिन ५० वर जाईपर्यंत. कॅप्सूल चालू, पण छत्तिसाव्या आठवड्यात तिची पुन्हा चार आठवड्यांची सुट्टी ठरलेली आहे. १०० मि.ग्रॅ.वर पोट आता स्वतःच स्थिर राहतं का, हे त्यात पाहायचं. राहिलं तर कॅप्सूल बंद.